केबलला पाजलेलं कडू तेल

मुलगी काय करते असं कुणी विचारलं की आई सांगते, "प्लास्टिकला औषध घालते." कोंबड्यांना औषध घालतात त्याच सुरात. मी तिला किती वर्षं समजावते आहे की विजेच्या वायरीवर जे आवरण असतं ते पॉलिमरचं असतं, ते जास्त वर्षं टिकावं म्हणून त्यात काय काय आणि किती मिसळायचं हे आमच्या प्रयोगशाळेत ठरतं, आणि ते काम मी करते. आई सगळं ऐकून घेते आणि म्हणते, मग मी वेगळं काय सांगितलं?

मी रोह्याकडच्या एमआयडीसीत नोकरी करते आणि शनिवार-रविवार बोर्ली पंचतनजवळच्या आमच्या घरी येते. घर म्हणजे चार खोल्या, आणि मागे समुद्रापर्यंत नारळी-पोफळीची वाडी. बाबांचा जन्म या वाडीला पाणी घालण्यात गेला. आणि मी, त्यांची एकुलती एक पोर, पगार घेते तो झाडं येऊ न देण्याचा. ही थट्टा नाही. विजेची केबल वर्षानुवर्षं ओलीत राहिली की तिच्या आवरणात आतल्या आत बारीक बारीक फांद्या फुटतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर अगदी झाड दिसतं, खोड, फांद्या, डहाळ्या, सगळं. आमच्या धंद्यात त्याला झाडच म्हणतात. ते पुरतं वाढलं की केबल गेली. म्हणून आमच्याकडे कुणी "झाड आलं" म्हटलं की सगळ्यांची तोंडं उतरतात, आणि झाड यायला वेळ लागावा म्हणून आम्ही पॉलिमरमध्ये एक द्रव्य घालतो.

बाबांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग बाजारात, देवळात, एसटीच्या थांब्यावर, जो भेटेल त्याला सांगत सुटले, आमची पोर झाडं मारायचा पगार घेते. मी चिडायचे. मला राग यायला फार वेळ लागत नाही, आणि बाबांना तो आणायला त्याहून कमी लागतो.

मग ते वादळ झालं. ज्या वादळानं आमच्या पट्ट्यातल्या पोफळी गवतासारख्या आडव्या केल्या, तेच. आमच्या वाडीत उभ्या राहिलेल्या पोफळी बसल्या जागेवरून मोजता येत होत्या. बाबा काही दिवस नुसते पायरीवर बसून राहिले. नंतर उठले आणि रोपं लावायला घेतली. पोफळीला फळ धरायला वर्षं जातात आणि बाबांचं वय झालेलं, त्यामुळे गावात लोक म्हणायचे, कुणासाठी हो? बाबा म्हणायचे, पोफळीसाठी.

ती पहिली रोपं उन्हाळ्यात वाळली. आमची जमीन पुळणीची, म्हणजे नुसती वाळू. आज पाणी दिलं की उद्या कुठे गेलं विचारावं लागतं. पाणी द्यायचं तर विहिरीवरचा पंप चालायला हवा, आणि पंपाची केबल पूर्वी पोफळींना बांधून वरून नेलेली होती. पोफळी पडल्या, केबल वाळूवर आली. वरून ऊन, खालून ओल, बाजूनं खारा वारा. तिचं कातडं कडक होऊन तडकलं. बाबा जिथे तडकेल तिथे चिकटपट्टी गुंडाळायचे. शेवटी शेवटी केबल कमी आणि चिकटपट्टी जास्त झाली. पंप एक दिवस चालायचा आणि दोन दिवस रुसायचा.

रोपं गेली त्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले, आणखी एकदा लावतो. हीपण गेली तर वाडी देऊन टाकू. पनवेलचा एक माणूस वाडी मागत होता. त्याला तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या आणि मध्ये पोहण्याची टाकी. पन्नास पावलांवर समुद्र असताना टाकी कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

मला ती वाडी हवी होती. लपवायचं कशाला? सुपारी सोलता सोलता मी लहानाची मोठी झाले, मला तिथला ओल्या झावळीचा वास लागतो, आणि नोकरी संपली की तिथेच येऊन राहायचं हे मी मनात कधीचं ठरवून टाकलं होतं. पण मला कुणी विचारलं नाही. बाबांच्या हिशेबात मुलगी म्हणजे परघरी जाणारी. चाळिशी जवळ आली, मी कुठेही गेले नव्हते आणि जायचा बेतही नव्हता, तरी तो हिशेब काही बदलला नाही. मीही आपणहून बोलले नाही. आमच्या घरात बापलेक महत्त्वाचं सोडून बाकी सगळं बोलतात.

तेव्हा मी मला जमतं ते केलं. आमच्याकडे तेव्हा खाऱ्या, ओल्या जागेसाठी एक नवं मिश्रण चालू होतं. रबरासारखं मऊ, वाकवावं तसं वाकणारं. त्यात उन्हासाठी काजळी होती, हवेसाठी एक द्रव्य, आतल्या तांब्यासाठी एक, आणि झाडासाठी माझं लाडकं. चाचणीसाठी काढलेल्या केबलचा एक मोठा तुकडा उरला होता. साहेबांना विचारलं, आमच्या वाडीत लावून बघू का? ते म्हणाले, लाव, आपलीही खऱ्या जागेवरची चाचणी होईल, काय होतं ते फक्त मला सांगत जा. ते वेटोळं घेऊन मी म्हसळ्याच्या एसटीत चढले, तर कंडक्टर म्हणाला, ताई, याचं पण तिकीट काढा, माणसाएवढी जागा खातंय.

केबल आम्ही चिऱ्यांच्या गडग्याच्या, म्हणजे वाडीच्या कुंपणभिंतीच्या, कडेनं, दगडांना आकडे मारून, घरापासून विहिरीपर्यंत नेली. बाबा आकडे ठोकत होते आणि मला विचारत होते की हिच्यात असं आहे तरी काय. मी म्हटलं, बाबा, हवा लागली की प्लास्टिक नासतं. हळूहळू नासतं, पण नासतं. लोणचं कसं, तसंच. म्हणून आम्ही त्यात असं औषध घालतो की हवा आधी त्या औषधाला खाते आणि प्लास्टिक वाचतं. औषध आहे तोवर केबल आहे. बाबांनी मान हलवली. लोणच्याचं त्यांना एकदम पटलं. माझी ही तुलना मला आजही चोख वाटते, पुढे तिचं काय झालं ते झालं.

पंप चालू लागला. थंडी गेली, होळी गेली, रोपं वीत-वीत वाढली. रोज संध्याकाळी फोन व्हायचा. मी विचारायचे, झाडं कशी आहेत? बाबा म्हणायचे, माझी झकास, तुझी? मी म्हणायचे, माझी आलीच नाहीत. ते म्हणायचे, वा. एवढंच बोलणं, पण त्यावर माझा पुढचा दिवस चांगला जायचा. एखादा नमुना गेला की मात्र मी रडवेल्या सुरात सांगायचे, झाड आलं.

मे महिन्याच्या मध्यावर फोन आला तो आईचा. म्हणाली, पंप बंद पडलाय, दोन-तीन दिवस झाले, तू ये. बाबांना फोन दे म्हटलं तर म्हणे, ते पाणी भरतायत. मी शनिवारची पहिली एसटी पकडली.

घरातला पंपाचा खटका बंद केला, वाडीत गेले आणि केबलकडे बघतच राहिले. माझी केबल फुगली होती. काळी, गुबगुबीत, चिकट. नख लावलं तर नख आत जात होतं. गडग्याच्या कोपऱ्यावर चिऱ्याला घासून ती फाटली होती आणि आतलं तांबं दिसत होतं. मला काही उमजेना. इतक्या चाचण्या केल्या, उन्हात ठेवली, मिठाच्या पाण्यात बुडवली, भट्टीत भाजली, आणि असं कधी झालं नव्हतं. मी बोटं हुंगली आणि मला वास आला. कडू तेलाचा.

आमच्याकडे उंडीच्या बियांच्या तेलाला कडू तेल म्हणतात. होड्यांना लावतात, दारं-खिडक्यांना लावतात. जे लाकूड टिकायला हवं त्याला पावसाळ्याआधी तेल पाजायचं, ही आमच्या किनाऱ्याची रीतच आहे. बाबा दरवर्षी घराची सगळी दारं करतात आणि त्या आठवड्यात आमच्या घरातलं जेवणसुद्धा कडू लागतं.

"बाबा, केबलला तेल लावलंत?"

"लावलं नाही, पाजलं," बाबा म्हणाले. "चांगले दोन हात दिले. तूच सांगितलंस ना गो, हवा लागली की नासतं म्हणून? मग लोणच्यावर तेल कशाला असतं?"

मी कपाळाला हात लावला. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. मी म्हटलं, लाकूड तहानलेलं असतं, त्याला तेल पचतं. हे मऊ पॉलिमर तेल पितं आणि फुगतं, त्याला जलोदर होतो. वर आणखी, ते तेल माझं औषध बाहेर ओढून काढतं. मी वर्षभर बसून थेंबाथेंबानं आत घातलं आणि तुम्ही एका दुपारी चिंधी घेऊन सगळं पुसून काढलंत. मुसळ केरात गेलं, बाबा. असं बरंच काही म्हटलं.  बाबांनी हंडा उचलला आणि ते विहिरीकडे गेले.

आई म्हणाली, झाला का राग काढून? मग तूपण एक हंडा घे. पाणी ओता ओता तिनं सांगितलं की पनवेलच्या माणसाला बाबांनी निरोप दिलाय, उद्या रविवारी ये म्हणून. मी एका रोपाशी वाकून बघितलं. बाहेरची पानं पिवळी पडली होती आणि खाली लोंबत होती. मधली सुरळी, ज्यातून नवं पान उलगडतं, ती अजून हिरवी होती. सुरळी वाळली की पोफळ गेली, मग वरून गंगा ओतली तरी उपयोग नाही. हंड्यांनी सगळी वाडी होणार नव्हती. आम्ही शेवटच्या रोपापर्यंत पोचेपर्यंत पहिल्याची वाळू कोरडी होत होती.

मी हंडा ठेवला आणि केबल चाचपत निघाले. दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं म्हणून. घराकडून सुरुवात केली. नख आत, नख आत, नख आत. अर्ध्यावर आले आणि नख आत जाईना. केबल कडक, कोरडी, बसवली त्या दिवशी होती तशी. मागे दोन हात आले तर परत मऊ. पुढे गेले, विहिरीपर्यंत सगळी ठणठणीत.

"बाबा, इथून पुढे का नाही लावलंत?"

बाबा जरा घुश्शातच म्हणाले, "तेल संपलं."

मला हसू फुटलं. हंडा घेऊन उभी असलेली आईही हसायला लागली. दुसरा डबा दिघीकडच्या कुणाकडून तरी आणायचा होता, पण तो माणूस लग्नाला गेला होता, म्हणून अर्धी केबल वाचली. एकच केबल, एकच ऊन, एकच वारा, अर्धी तेल पाजलेली आणि अर्धी न पाजलेली. इतका स्वच्छ प्रयोग मला कंपनीत कधी जमला नाही. आमच्या चाचण्यांत आता तेलाचीही एक चाचणी आहे. आमचे साहेब एकदा पाहुण्यांना सांगत होते की ही आमच्या दूरदृष्टीतून आली.

पण उरलेली अर्धी केबल विहिरीपासून आमच्या घरापर्यंत पोचत नव्हती. ती पोचत होती शेजारच्या काकूच्या पडवीपर्यंत. आणि इथंच घोडं पेंड खात होतं. वादळात काकूचा माड आमच्या गडग्यावर पडला होता. माड तिचा, गडगा आमचा, आणि पाडला वाऱ्यानं, तर उचलायचा कुणी? यावरून बाबांची आणि काकूची जी बोलचाल बंद झाली ती झालीच. माड अजून तिथेच होता. त्यावर अळंबी येऊन गेली होती. आई आणि काकू रोज त्याच माडावर टेकून गप्पा मारायच्या, बाबा आणि काकू मात्र एकमेकांना दिसत नव्हते.

मी म्हटलं, काकूकडे लाइट मागू. बाबा म्हणाले, शक्य नाही. आई म्हणाली, मी विचारते. बाबा म्हणाले, कुणीही विचारायचं नाही, माझी वाडी आहे. बाजारातून नवी केबल आणायची तर एवढी लांब केबल सोमवारशिवाय मिळणार नव्हती, आणि पनवेलचा माणूस रविवारी यायचा होता.

"वाडी परक्याला द्याल, पण काकूकडे लाइट मागणार नाही?" मी म्हटलं. "मला हवी आहे ती वाडी, बाबा. मला."

हे मी मोठ्यानं म्हटलं असं मला नंतर आईनं सांगितलं. मला आठवतं ते एवढंच की बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग हात धुतले, टोपी घातली आणि माड ओलांडून काकूच्या अंगणात गेले. तिथे त्यांनी काकूला तिच्या गुडघ्यांबद्दल विचारलं. मग तिच्या आंब्याबद्दल. मग यंदा पाऊस लवकर दिसतोय असं म्हणाले. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते मी गडग्याच्या अलीकडून डोळ्यांनी बघितलं. काकूनं सगळं ऐकून घेतलं.

"लाइट पायजे न्हाय का? मंग सरळ मागा की," ती म्हणाली. "सकाळधरनं बोर्ड मोकळा करून ठेवलाय."

आईनं तिला पंपाचं सकाळीच सांगितलं होतं हे उघड आहे. बिलाचं मी आणि तुमची मंडळी बघू, काकू म्हणाली, तुम्ही तेवढा माझा माड उचला. बाबा म्हणाले, तुझाच आहे ना, मग तूच उचल. आणि दोघं परत भांडायला लागली, म्हणजे समेट झाला.

मी केबल कापली. फुगलेला भाग गुंडाळून कंपनीत न्यायला बाजूला ठेवला, चांगला भाग काकूच्या पडवीत नेला, टोकं साफ केली, नवा खटका बसवला, वीज कुठे गळत नाही ना ते दोनदा तपासलं. मग बाबांना हाक मारली. पंपानं जरा खाकरल्यासारखं केलं आणि पाटात पाणी आलं. बाबा अनवाणी पाटात उतरले आणि फावड्यानं एकेका रोपाच्या आळ्यात पाणी वळवू लागले. काकू माडावर बसून सांगत होती कुठलं आळं राहिलं ते. बाबा म्हणत होते, मला दिसतंय. मला त्या क्षणी इतकं बरं वाटत होतं की मी आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला, आणि मी सहसा टाकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पनवेलचा माणूस आला. चांगला माणूस होता, उगाच कशाला नावं ठेवा. पांढरे बूट घालून आला होता आणि वाडीत सगळीकडे पाणीच पाणी. तो पाटावरून उड्या मारत आमच्यापर्यंत आला, घाम पुसला आणि बाबांना म्हणाला, मग काका, काय ठरलं? बाबा फावड्यावर हात टेकून उभे होते. मी त्यांच्या बाजूला. आई आणि काकू माडापाशी. मागे पंपाचा आवाज येत होता.

"मला काय विचारता?" बाबा म्हणाले. "वाडी हिची आहे. हिला विचारा."

तो माणूस माझ्याकडे वळला, सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मला बाबांकडे बघवेना म्हणून मी खाली बघितलं. पायाशी एक रोप होतं. खालची पानं पिवळीच होती, पण सुरळी काल होती त्याहून बोटभर वर आली होती आणि टोकाशी सुटायला लागली होती. ओली, पोपटी, अजून घडीत असलेली.

"झाड आलंय," मी म्हटलं. "आता नाही देता येत."

त्या माणसाला त्यातलं काही कळलं नाही. बाबांना कळलं. हे दोन शब्द माझ्या तोंडून फोनवर कायम रडवेल्या सुरात ऐकलेला तो एकटाच माणूस तिथे होता. ते हसायला लागले, पुन्हा ठसका लागेपर्यंत, आणि मग टोपीनं डोळे पुसत पुसत मला म्हणाले, पंप बंद कर गो, आळी भरली.